सूर्याकडे पाठ करून सूर्य पाहणारा शास्त्रज्ञ : इब्नुल हैसम

चष्मा, भिंग, दुर्बीण, कॅमेरा ह्या वस्तू आज आपल्या नित्याच्या झाल्या आहेत. त्या ज्या शास्त्राच्या पायावर उभ्या आहेत ते प्रकाशशास्त्र. ह्या शास्त्राला प्रयोगाची शिस्त लावणाऱ्या पुरुषांत बसऱ्याच्या अबू अली अल-हसन इब्नुल हैसम यांचे नाव फार आदराने घेतले जाते. युरोपातील विद्वान त्यांना अल्हाझेन ह्या नावाने ओळखत. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. २०१५ हे वर्ष जगभर प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा त्यांच्या ग्रंथाला एक हजार वर्षे झाल्याचे स्मरण युनेस्कोने आवर्जून केले.

अशा थोर पुरुषाचे चरित्र केवळ अभिमानासाठी वाचायचे नसते. त्यातून आपल्या रोजच्या जीवनाला काय उपयोग होईल हेही पाहायचे असते. इब्नुल हैसम यांच्या चरित्रातून पालकांना आणि विद्यार्थ्यांना मिळणारा एक धडा अगदी साधा आहे, पण त्याचे मोल डोळ्यांइतके आहे. सूर्य कसा पाहावा, आणि तो पाहताना डोळे कसे राखावेत, हा तो धडा होय.

इब्नुल हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ३५४ च्या आसपास, आजच्या इराकमधील बसरा शहरी झाला. तो काळ विद्येच्या भरभराटीचा होता. ग्रीक आणि भारतीय पंडितांचे ग्रंथ बगदादमध्ये अरबी भाषेत आणले गेले होते. युक्लिडची भूमिती, टॉलेमीचे ज्योतिष, गॅलेनचे वैद्यक हे सारे अरबी जाणणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताशी होते. तरुण हसनने ह्या विद्यांचा मोठ्या निष्ठेने अभ्यास केला. बसऱ्यास त्यांना सरकारी अधिकाराची जागा मिळाली होती असे चरित्रकार सांगतात. परंतु त्यांचे मन दरबारात रमले नाही. गणित आणि निसर्गाचे नियम हाच त्यांचा ध्यास होता.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती नाईल नदीमुळे. इजिप्तची सारी शेती नाईलच्या पुरावर अवलंबून. पूर कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर नासाडी. ह्या नदीचे पाणी योजनेने आवरता येईल, असा विचार इब्नुल हैसम यांनी बोलून दाखवला होता. ही वार्ता कैरोच्या फातिमी खलिफाच्या, म्हणजे अल-हाकिमच्या कानी गेली. त्याने त्यांना सन्मानाने बोलावून घेतले, माणसे आणि साधने दिली, आणि ते नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघाले.

वाटेत त्यांनी प्राचीन मिसरी लोकांनी उभारलेल्या भव्य इमारती पाहिल्या. त्यांची रेखीव बांधणी आणि त्यांतील गणित पाहून त्यांच्या मनात विचार आला की, ज्यांनी ही कामे केली त्यांना नदी आवरणे शक्य असते तर त्यांनी ते केव्हाच केले असते. अस्वानजवळ पोहोचून त्यांनी जागा पाहिली आणि आपली योजना त्या काळच्या साधनांनी पार पडणार नाही अशी त्यांची खात्री झाली. ते परत आले आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. पुढे ह्याच भागात अस्वानचे मोठे धरण पुरे व्हायला १९७० साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचा अंदाज किती योग्य होता ते कळते.

खलिफाने त्यांना वरकरणी काही शिक्षा केली नाही. उलट एक अधिकाराची जागा दिली. परंतु अल-हाकिमचा स्वभाव लहरी होता. आज मर्जीतला असलेला माणूस उद्या जिवंत असेल याची शाश्वती नव्हती. नोकरी नाकारणे धोक्याचे आणि करणेही धोक्याचे! अशा पेचात सापडलेल्या इब्नुल हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यांना घरातच बंदिस्त करून ठेवण्यात आले. इ. स. १०२१ मध्ये अल-हाकिमचा शेवट झाला, तेव्हा कोठे त्यांनी ते सोंग टाकले. आयुष्यातील उमेदीची वर्षे अशी चार भिंतींत गेली. तरी त्यांचे चिंतन थांबले नाही. कैरोमधील वास्तव्यात त्यांनी लिहिलेला किताबुल मनाज़िर हा सात भागांचा ग्रंथ पुढे जगभर गाजला.

ह्या ग्रंथाचा आरंभ एका मूलभूत प्रश्नाने होतो. डोळ्याला दिसते ते कसे? युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारख्या थोरांचे मत असे होते की, डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला वस्तू दिसते. जणू आंधळा मनुष्य काठीने वाट चाचपतो, तसा डोळा किरणांनी जग चाचपतो. हे मत कित्येक शतके मान्य होते.

इब्नुल हैसम यांनी थोरांच्या नावापुढे मान तुकवण्याऐवजी अनुभवाकडे बोट दाखवले. भर दुपारच्या सूर्याकडे पाहू लागलो तर डोळ्याला त्रास होतो, तो आपोआप मिटतो, पाणी येते. बराच वेळ एखाद्या लख्ख उजेडाकडे पाहून मग अंधारात नजर वळवली तर त्या उजेडाचा ठसा काही काळ डोळ्यांपुढे तरंगत राहतो. किरण जर डोळ्यांतून बाहेर जात असते तर डोळ्याला इजा का व्हावी? मार लागतो तो ज्याच्यावर घाव पडतो त्याला! ह्यावरून त्यांनी दाखवले की, प्रकाश बाहेरून डोळ्यांत येतो आणि डोळ्यावर परिणाम करतो. वस्तूवर पडलेला प्रकाश तेथून परतून डोळ्यांत शिरतो, तेव्हा ती वस्तू आपल्याला दिसते.

विद्यार्थी मित्रहो, ह्या विचाराचा मर्म नीट ध्यानात घ्या. डोळ्याला सूर्याचा त्रास होतो ही गोष्ट जगातल्या प्रत्येक माणसाला माहीत होती. इब्नुल हैसम यांनी त्या त्रासाला पुरावा म्हणून उभे केले. दृष्टीच्या शास्त्राचा पाया घालताना त्यांनी सांगितलेल्या पहिल्या गोष्टींपैकी एक अशी की, प्रखर प्रकाश डोळ्याला दुखावतो.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी बरोबर निघाल्या असे नाही. दृष्टीची जाणीव डोळ्यांतील भिंगासारख्या स्वच्छ भागात होते असे त्यांना वाटे. ती जाणीव डोळ्याच्या मागच्या पडद्यावर होते, आणि तेथे वस्तूची प्रतिमा उलटी पडते, हे योहानेस केप्लर या जर्मन ज्योतिर्विदाने १६०४ मध्ये दाखवून दिले. पण केप्लरच्या हाती इब्नुल हैसम यांच्या ग्रंथाचा वारसा होता हे विसरून चालणार नाही.

प्रकाश सरळ रेषेत जातो हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी केलेला एक प्रयोग शाळेतील मुलांनाही करता येईल. एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला लहान छिद्र होते. छिद्रासमोर बाहेरच्या बाजूला निरनिराळ्या ठिकाणी दिवे ठेवले. जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके आतल्या भिंतीवर उमटले. एक दिवा झाकला की त्याचा तेवढा ठिपका नाहीसा होई. झाकण काढले की पुन्हा दिसे. सारे किरण एकाच छिद्रातून गेले तरी एकमेकांत मिसळले नाहीत. प्रत्येक जण आपल्या सरळ वाटेने गेला.

आपल्या कोल्हापुरात ह्या नियमाची साक्ष दरवर्षी मिळते. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सवाच्या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, आणि वाटेत काही आड आले तर तेथेच अडतात. कौलारू घराच्या फटीतून जमिनीवर पडणारे कवडसे तर आपण सर्वांनीच पाहिले आहेत. फट वाकडीतिकडी असली तरी कवडसा गोल का पडतो, असा प्रश्न मात्र थोड्यांनाच पडतो. तो गोल असतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते!

हेच कोडे इब्नुल हैसम यांनी ग्रहणावरील एका स्वतंत्र निबंधात सोडवले. सूर्याला खंडग्रास ग्रहण लागले असताना बारीक गोल छिद्रातून आत येणारा उजेड समोरच्या पृष्ठभागावर कोरीच्या आकाराचा पडतो. सूर्य जितका झाकला जाईल तितकी ती कोर बारीक होत जाते. असे का व्हावे, आणि छिद्र मोठे केले की कोर नाहीशी होऊन छिद्राचाच आकार का उमटतो, याचे गणित त्यांनी मांडले. छिद्र पुरेसे लहान असले तरच प्रतिमा खरी उमटते, हा त्यांचा निष्कर्ष आजही तसाच लागू आहे. ह्या पद्धतीत पाहणाऱ्याचे तोंड भिंतीकडे किंवा कागदाकडे असते आणि पाठ सूर्याकडे. ग्रहणाचा सारा क्रम डोळ्यांसमोर घडतो, पण सूर्याचा एकही किरण सरळ डोळ्यांत जात नाही.

सुटकेनंतर इब्नुल हैसम कैरोच्या अल-अझहर मशिदीजवळ राहिले. कोणाच्या दरबारात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवले नाही. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून त्यांतून मिळणाऱ्या पैशांवर ते वर्ष काढीत आणि उरलेला वेळ अभ्यासाला देत. टॉलेमीच्या ज्योतिषातील विसंगती दाखवणारा एक ग्रंथही त्यांनी लिहिला. जुन्या ग्रंथांवर आंधळा विश्वास न ठेवता त्यांची कसून परीक्षा करावी, आणि परीक्षा करताना स्वतःच्या मतावरही संशय घ्यावा, अशी त्यांची वृत्ती होती. इ. स. १०४० च्या सुमारास कैरो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचे पुढे लॅटिन भाषेत भाषांतर झाले. १५७२ मध्ये बाझेल शहरी ते छापले गेले. पूर्वेकडे कमालुद्दीन अल-फारिसी यांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यावर विस्तृत टीका लिहिली.

आता ह्या थोर पुरुषाचा धडा आपल्या भागाला लावून पाहू. सूर्यग्रहण आपल्याला अपरिचित नाही. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून घाटावर आला होता. तेव्हा नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्ग किल्ल्यावर आले होते, आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे लावली होती. त्यानंतर १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी खग्रास पट्टा कारवार-अंकोल्याकडून रायचूरमार्गे ओडिशाच्या कोणार्ककडे गेला. कोल्हापूर त्या पट्ट्याच्या उत्तरेला असल्याने येथे ग्रहण मोठे असले तरी खंडग्रासच होते.

१९८० च्या त्या दुपारी गावोगावचे रस्ते ओस पडले होते. दारे-खिडक्या लावून लोक घरात बसले. ग्रहणाचे किरण विषारी असतात अशी समजूत पसरली होती. खरे पाहता ग्रहणाच्या वेळचा सूर्य तोच असतो, त्याचे किरणही तेच. ग्रहण कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे लागत नाही, ही पैगंबरसाहेबांची शिकवण तर आपल्या घरांतून लहानांनाही ठाऊक असते. मग धोका कशात आहे? धोका आहे तो टक लावून पाहण्यात. एरवी सूर्याकडे नजर गेली की डोळा आपोआप मिटतो. ग्रहणात सूर्य बराचसा झाकला गेला की उजेड मंद वाटतो, डोळा मिटत नाही, आणि कुतूहलाने आपण पाहतच राहतो. पण उरलेली कोर मूळच्याच तेजाने तळपत असते.

भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा खेळ मुलांनी केलेला असतो. आपल्या डोळ्यातही तसेच एक भिंग आहे. ते सूर्याची प्रतिमा मागच्या पडद्यावर नेमकी त्या जागी आणते, जिथून आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो. निळ्या आणि अतिनील किरणांमुळे तेथील नाजूक पेशींना इजा होते. ह्या पडद्याला वेदनेची जाणीव नाही. म्हणून पाहताना काहीच दुखत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, समोर काळा डाग दिसू लागतो, अक्षरे वाकडी किंवा पुसट दिसतात. काहींची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते. काहींचा डाग जन्मभर राहतो. त्यावर खात्रीचा उपाय नाही. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक स्वच्छ असते, त्यामुळे हे किरण त्यांच्या डोळ्यांत जास्त आत जातात. म्हणून मुलांना अधिक जपले पाहिजे.

आपल्या उद्यमनगरातील वेल्डिंग करणारे कामगार ही गोष्ट लवकर समजतील. काचेशिवाय ठिणगीकडे पाहिले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. ती इजा डोळ्याच्या वरच्या भागाची असते आणि बहुधा एक-दोन दिवसांत भरून येते. सूर्याची इजा आतल्या पडद्याची असते, आणि ती मुकी असते.

घराघरांतून चालत आलेले काही उपाय ह्या कामी निरुपयोगी आहेत. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, फोटोची निगेटिव्ह, साधा काळा चष्मा, एकावर एक घातलेले दोन चष्मे यांपैकी काहीही सुरक्षित नाही. ह्यांतून उजेड कमी वाटतो, पण अपायकारक किरण आत जातातच. उलट डोळा निर्धास्त होतो आणि नुकसान वाढते. परातीतल्या शेणकाल्याच्या किंवा हळदीच्या पाण्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहणेही धोक्याचेच आहे. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून सूर्याकडे पाहणे तर क्षणभरही नको. पातळ ढगांआडचा सूर्य सौम्य दिसला तरी त्याच्याकडे टक लावू नये.

सरळ पाहायचेच असेल तर आय.एस.ओ. १२३१२-२ ह्या मानकाचा ग्रहणचष्मा वापरावा. तो दृश्य प्रकाशाचा साधारण तीस हजारांतील एका भागाहून जास्त अंश आत येऊ देत नाही. चष्म्यावर ओरखडा वा छिद्र असेल तर तो फेकून द्यावा. वेल्डिंगची काच वापरायची तर ती १४ नंबरचीच असावी. मान खाली घालून चष्मा लावावा, मग वर पाहावे. काढतानाही आधी मान खाली करावी.

परंतु सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग इब्नुल हैसम यांचाच आहे. एका पुठ्ठ्याला टाचणीने बारीक गोल छिद्र पाडा. सूर्याकडे पाठ करून उभे राहा, पुठ्ठा खांद्यावर धरा आणि समोर पांढरा कागद ठेवा. पुठ्ठा आणि कागद यांत एक मीटर अंतर असेल तर सूर्याची प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटर रुंदीची पडते. अंतर दुप्पट केले की प्रतिमाही दुप्पट होते. छिद्रातून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. पाहायचे ते कागदाकडे. घरातली पिठाची चाळणी धरली तर शेकडो कोरी एकदम जमिनीवर दिसतील. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेले कवडसेही त्या वेळी चंद्रकोरीसारखे होतात. शाळेत एखादी खोली अंधारी करून, लहान आरशावर छिद्र पाडलेला कागद चिकटवून, बाहेरून भिंतीवर प्रतिमा पाडता येते. दहा मीटर अंतरावर ती सुमारे ९ सेंटिमीटरची होते आणि सारा वर्ग ती एकदम पाहू शकतो. आरशाचा झोत कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही एवढे मात्र शिक्षकांनी पाहावे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी मोठे सूर्यग्रहण आहे. त्याचा खग्रास पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका आणि इजिप्तवरून अरबस्तानात मक्केवर येतो. मक्केत सूर्य पाच मिनिटांच्या आसपास पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास दिसणारे आहे. पावसाळ्याचे दिवस असल्याने ढगांनी उघडीप दिली तरच ते पाहता येईल. खग्रास पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढ्या मिनिटांपुरतेच उघड्या डोळ्यांनी पाहता येते. कोल्हापुरात सूर्य पूर्ण झाकला जाणार नसल्याने येथे उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा एकही क्षण नाही, हे मुलांना आधीपासून सांगून ठेवावे. आणि एखाद्या मुलाने चुकून पाहिलेच व त्याला डाग किंवा अंधुकपणा जाणवू लागला, तर रागावण्यात वेळ न घालवता त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

भीतीने दार लावून बसणे हा एक टोकाचा मार्ग, आणि बेफिकीरपणे सूर्याकडे टक लावणे हा दुसरा. इब्नुल हैसम यांनी एक हजार वर्षांपूर्वी मधली वाट दाखवली. त्यांनी सूर्याच्या तेजाची ताकद ओळखली, तिचा मान ठेवला, आणि तरीही ग्रहणाचे रहस्य उलगडले. आपल्या मुलामुलींनी हाच मार्ग धरावा. प्रश्न विचारावेत, प्रयोग करावेत, आकाशाचे चमत्कार मनसोक्त पाहावेत. आणि ज्या डोळ्यांनी पुढे आयुष्यभर ग्रंथ वाचायचे आहेत ते डोळे अमानतीप्रमाणे सांभाळावेत.